तुंबा बागेत लावला, त्याला तेरा महिने झाले

गेल्या जूनमध्ये सोसायटीच्या कंपाउंडलगतच्या 10 बाय 3 फुटांच्या पट्टीत मी तुंबा पेरला. हो, तोच, शेताच्या बांधावर आपोआप उगवणारा पांढऱ्या फुलांचा. कोणी त्याला कुंभा म्हणतं, वैद्य द्रोणपुष्पी म्हणतात. तुळस, सब्जा, पुदिना यांच्याच कुळातला. खोड बोटांत धरून फिरवलं की पुदिन्यासारख्याच चार कडा लागतात. वास मात्र वेगळा आणि उग्र, त्यामुळे चटणीच्या आशेने लावू नका.

बी मिळवतानाच पहिला फटका बसला. ऑनलाइन मागवलेल्या पाकिटातून एकही रोप आलं नाही. त्यात ‘तुंबा’ टाकून शोधलं की राजस्थानातलं कडू इंद्रायण समोर येतं, तिकडे त्यालाच तुंबा म्हणतात. शेवटी डिसेंबरात सासवडच्या बाजूला एका पडीक रानातून वाळलेले गेंद तोडून आणले आणि कागदावर झटकले. प्रत्येक फुलाच्या वाळक्या पेल्यात चार तपकिरी बिया असतात, मोहरीहून बारीक. पहिला पाऊस झाल्यावर त्या नुसत्या भुरभुरल्या, वरून माती लोटली नाही. दहा-बारा दिवसांत रोपं दिसली.

अर्ध्या पट्टीत मी कंपोस्ट घातलं होतं, अर्धी मुरमाड तशीच ठेवली. लाड केलेल्या अर्ध्या भागात रोपं गुडघ्याच्या वर गेली, पण पानंच पानं, आणि श्रावणातल्या एका जोरदार सरीत सगळी आडवी झाली. मुरमातली वीत-दीड वीतच वाढली, पण आधी फुलली आणि उभी राहिली. यंदा खत शून्य.

आता ज्यासाठी हा खटाटोप केला ते. सकाळी आठच्या सुमारास चहाचा कप घेऊन पट्टीशी उकिडवं बसायचं. फूल जेमतेम नखाएवढं. खालचा ओठ रुंद, पसरट, माशीला टेकायला ओटाच जणू. वरचा ओठ आखूड, कापसासारखी लव असलेलं कुंचीसारखं टोपरं, पुंकेसर त्याच्या आत लपलेले. माशी खाली टेकून मधासाठी डोकं आत घालते, तेव्हा टोपरं तिच्या पाठीवर टेकतं आणि परागाचा ठिपका उमटतो. सातेरी मधमाश्या येतात, छोट्या फुलोरी मधमाश्या येतात, पण माझी लाडकी निळ्या पट्ट्यांची एकटी हिंडणारी माशी. ती बसायच्या आधी फुलासमोर हवेत थांबते आणि तिचा आवाज हातभरावरून ऐकू येतो. शेजारच्या कुंड्यांतल्या महागड्या पिटुनियाकडे यातली एकही फिरकताना दिसली नाही!

सासूबाई भोरच्या. त्यांनी पट्टी पाहिली आणि म्हणाल्या, “अगं, हा तर कुंभा! फुलं यायच्या आत भाजी करायची, नंतर पानं राठ होतात.” कोवळा पाला, कांदा, लसूण, हिरवी मिरची, भिजवलेली मूगडाळ. किंचित कडसर लागते. मला आवडली, मुलाने ताट सरकवलं. ओळख पक्की असल्याशिवाय मात्र कुठलाच रानपाला कढईत टाकू नये.

तक्रारी आहेत. एक म्हणजे तुंबा वर्षायू आहे. डिसेंबर संपेपर्यंत पट्टी काटक्यांची झाली आणि जूनपर्यंत तशीच राहिली. मजल्यावरून बघणाऱ्यांना तो कचराच वाटतो, आणि त्यांची बाजू मला कळते. माळीकाकांनीही एकदा ‘गवत’ समजून तीनेक फूट पट्टी उपटली. चूक माझीच, सांगितलं नव्हतं.

दुसरी म्हणजे बी सांडतं. यंदाच्या जूनमध्ये फरशांच्या फटीत, गुलाबाच्या कुंडीत, अगदी तुळशी वृंदावनातसुद्धा तुंबा उगवला. पण पुदिन्यासारखा तो जमिनीखालून धावत नाही. मुळं उथळ, ओल्या मातीतून चिमटीने रोप निघतं. वृंदावनातलं काढायला गेले तर सासूबाई म्हणाल्या, “असू दे, एकाच घरातली आहेत.”

ऊन पाच-सहा तास हवंच. आमच्या पट्टीचा आंब्याखालचा कोपरा दोन्ही वर्षं रिकामा राहिला. पाणी पावसाचं पुरतं, फक्त ऑक्टोबरात दोनदा घातलं. डिसेंबरातले काही गेंद या वेळी कागदी पिशवीत भरून ठेवलेत. काकांनी त्यावर मार्करने ‘गवत’ असं लिहून दिलंय.