मीटर पळालं, गाडी नाही : ‘ड्रॅग सेटअप’च्या नावाखाली सोलापुरात झालेली फसवणूक

सोलापुरात कुणी तुम्हाला ‘इंजिनात क्लोज रेशो गिअर सेट टाकून देतो, मागचं स्प्रॉकेट बदलतो, ड्रॅगला गाडी कुणाला सापडणार नाही’ असं सांगून पंचवीस-तीस हजार मागत असेल, तर पैसे द्यायच्या आधी हे वाचा. ड्रॅग म्हणजे सरळ पट्ट्यातली कमी अंतराची शर्यत, आणि स्प्रॉकेट म्हणजे चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक. माझ्याकडून २६,००० रुपये घेतले. त्या पैशांत गाडीला खरोखर बसलं ते फक्त मागचं स्प्रॉकेट. इंजिनातल्या गिअरला कुणी हातही लावला नव्हता. गॅरेजचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. पण फसवायची पद्धत लिहितो. ती एकट्या त्या गॅरेजची असेल असं मला वाटत नाही.

गाडी १५० सीसीची, सहा गिअरची. कंपनीचं स्प्रॉकेट पुढं १४ दात्यांचं, मागं ४२ दात्यांचं, म्हणजे रेशो (मागचे दाते भागिले पुढचे दाते) ३.००. मिस्त्रीचं म्हणणं असं होतं की मागं ४८ दात्यांचं टाकू म्हणजे पिकअप वाढेल, आणि आतले गिअर एकमेकांच्या जवळचे टाकू म्हणजे गिअर बदलताना आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) खाली पडणार नाही. कागदावर दोन्ही गोष्टी बरोबर आहेत. म्हणूनच गळाला लागायला वेळ लागत नाही. अडाणी माणसानं सांगितलेली ही थाप नव्हती. गाडीतलं सगळं कळणाऱ्यानं, काय बाहेरून दिसतं आणि काय दिसत नाही हे बरोबर ओळखून, न दिसणाऱ्या मालाचे पैसे लावले होते.

स्प्रॉकेटपुरतं आधी समजून घ्या. पुढं १४ आणि मागं ४८ म्हणजे रेशो ३.४३ झाला. मागच्या चाकाला मिळणारा ओढा प्रत्येक गिअरमध्ये साधारण १४ टक्क्यांनी वाढतो आणि त्याच आरपीएमला मिळणारा वेग तेवढ्याच पटीत कमी होतो. इंजिनाची ताकद एका घोड्यानंही वाढत नाही. माझे मामा अक्कलकोट रोड एमआयडीसीत जॉबर आहेत, म्हणजे लूम (यंत्रमाग) लावणारे-दुरुस्त करणारे. ते म्हणाले, “लूमवर चेंज व्हीलचे दाते बदलले की कापडाच्या एका इंचात किती आडवे धागे बसणार ते बदलतं. मोटर तीच, नुसता कापड निघायचा वेग बदलतो. तुझ्या गाडीला तेच केलंय की.” इतकं सरळ आहे ते.

आता मीटरचा खेळ. काही गाड्यांत वेगाचा सेन्सर पुढच्या चाकाला असतो. माझ्या गाडीत तो गिअरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या शाफ्टजवळ, पुढच्या स्प्रॉकेटच्या बाजूला आहे. मागं किती दाते आहेत हे त्याला कळत नाही. तो कंपनीचे ४२ धरूनच हिशोब करतो. त्यामुळं ४८ दाते बसवले की गाडी खरी १०५ नं जात असताना मीटर १२० दाखवतं. गाडी ताब्यात द्यायच्या दिवशी तुळजापूर रोडकडं ट्रायल झाली तेव्हा नेमकं हेच दाखवलं गेलं. त्यानं स्वतः गाडी पळवली, मोबाइलवर मीटरचा व्हिडिओ काढला आणि दाखवत म्हणाला, “बघा मालक, पिकअपबी वाढला, टॉपबी वाढला.” पिकअप खरंच वाढला होता, सीटवर बसताच कळत होतं. त्यामुळं टॉपचंही, म्हणजे कमाल वेगाचंही, खरं वाटलं. जो माणूस स्प्रॉकेट रोज बदलतो त्याला माहीत असतं की मागं दाते वाढवले की टॉप वाढल्यासारखा दिसतो तो फक्त मीटरवर.

एव्हरेजचंही तसंच. पेट्रोल टाकून हिशोब केला तर एव्हरेज थोडं वाढलेलं दिसलं. मी खूष. अहो, किलोमीटर मोजणारं यंत्रही त्याच सेन्सरवर चालतं. १०० किलोमीटर गेलो की ते ११४ दाखवतं. इंजिन जास्त फिरतंय, पेट्रोल जास्त खातंय, आणि कागदावर एव्हरेज सुधारलंय!

भांडं फुटलं ते स्पर्धेत. रस्त्यावर रेस लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि आपल्याकडं तुळजापूर रोडला किंवा हैदराबाद रोडला रात्री जे चालतं त्यात मला रस नाही. मी धावपट्टीवरच्या परवानगी असलेल्या स्पर्धेत गाडी उतरवतो. अंतर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. शेवटी वेळ आणि रेषेवरचा वेग लिहिलेली चिठ्ठी हातात मिळते. आदल्या वर्षीच्या चिठ्ठीवर रेषेवरचा वेग ताशी ११२ किलोमीटर होता. या वेळी माझ्या मीटरवर १२२ होते. चिठ्ठीवर आला १०७. एकूण वेळही किंचित जास्त लागलेला.

का, तेही सांगतो. पूर्वी मी पाचव्या गिअरमध्ये रेषा ओलांडत होतो आणि इंजिन तेव्हा जोरात असायचं. आता स्टार्ट चांगला मिळाला, पहिल्या पट्ट्यात शेजारची गाडी मागं पडली, पण प्रत्येक गिअर लवकर संपत गेला. पाचवा तर रेषेच्या थोडा अलीकडंच संपला आणि सहावा टाकावा लागला. गिअर टाकताना जो क्षण जातो त्यात गाडीला ओढा नसतो. सुरुवातीला कमावलं ते तिथं गेलं, वर पदरचं थोडं गेलं. रेशो निवडायचा तो असा की शेवटच्या वापरातल्या गिअरमध्ये, इंजिन सर्वांत जास्त ताकद देतं त्या आरपीएमच्या जरा पुढं असताना रेषा यावी. हे टायरचा घेर, गिअरचे रेशो आणि आधीच्या चिठ्ठीवरचा वेग घेऊन वहीवर काढता येतं. मिस्त्रीनं यातलं काहीच विचारलं नव्हतं. ‘सगळ्यांना ४८च टाकतो’ एवढंच.

इथवर तो चुकीचा सल्ला म्हणता आला असता. फसवणूक सिद्ध झाली ती आरपीएमच्या काट्यावरून, आणि या सगळ्यात हाच भाग तुमच्या सर्वांत कामाचा आहे. आदल्या वर्षीच्या रनचा टाकीवरच्या माउंटमधून काढलेला व्हिडिओ माझ्याकडं होता. त्यात पहिला गिअर १०,००० आरपीएमला सोडून दुसरा टाकला की काटा साधारण ६,६०० वर येऊन परत चढतो. नव्या व्हिडिओत? १०,००० वरून ६,६००. दुसऱ्यातून तिसऱ्यात, तिसऱ्यातून चौथ्यात, सगळीकडं काटा जुन्याच जागी पडत होता. गिअर बदलताना काटा किती खाली येणार हे फक्त आतल्या गिअरच्या दात्यांवर ठरतं. मागचं स्प्रॉकेट, टायर, चेन, काहीही बदला, त्या आकड्याला फरक पडत नाही. गिअर खरंच जवळचे टाकले असते तर काटा ६,६०० पर्यंत उतरलाच नसता. दोन व्हिडिओ शेजारी शेजारी लावून पाहिले आणि ‘क्लोज रेशो’ कुठंच नव्हता.

मग मामांना घेऊन गाडी नीट पाहिली. या गाडीत गिअर बदलायचे तर इंजिन फ्रेममधून उतरवावं लागतं आणि केस (इंजिनाचं बाहेरचं कवच) फोडावी लागते. इंजिन धरून ठेवणाऱ्या बोल्टांच्या खाचांत पावसाळ्यातला चिखल वाळून तसाच बसलेला होता. एका बोल्टवर कंपनीची पिवळी खूण अजून सलग होती, बोल्टवरून फ्रेमवर गेलेली. पाना लागला असता तर ती रेघ तुटली असती. केसच्या सांध्यावर नवीन पॅकिंगचा किंवा सीलंटचा मागमूस नाही.

मिस्त्रीनं ‘तुमचे जुने गिअर’ म्हणून एक प्लास्टिकची पिशवी दिली होती. मामांनी त्यातला एक गिअर उजेडात धरला आणि नखानं दात्याच्या बुडातला तांबडा गंज खरवडून दाखवला. “हे काल इंजिनातनं काढल्यालं? तेलात बुडून असतंय ते, त्याला गंज कसा चढंल बे?” ते कुठल्या तरी भंगारातल्या गाडीचे गिअर होते.

गॅरेजवर गेलो तर पहिलं उत्तर आलं, “तुमची चालवायची पद्धत चुकतीय मालक.” व्हिडिओ दाखवले तर म्हणे मीटर खराब असेल. बोल्टवरची खूण दाखवल्यावर आवाज चढला. शेवटी ऑफर आली की अजून आठ हजार द्या, इंजिन खोलून दाखवतो. म्हणजे न केलेल्या कामाचा पुरावा दाखवायला पुन्हा मजुरी! शेजारी चहा घेत उभा असलेला एक पोरगा नंतर माझ्या मागं बाहेर आला आणि हळूच म्हणाला, “भाऊ, माझी पण गाडी हितंच झालीय. कसं बघायचं सांगा की.” त्याला तिथंच सांगितलं. त्याची गाडीही आतून कोरी निघाली.

‘रेशो जितका मोठा तितकी गाडी फास्ट’ हे वाक्य गॅरेजात सर्रास ऐकू येतं आणि त्यावरच असली दुकानं चालतात. अमेरिकेत ज्या टॉप फ्युएल गाड्या ड्रॅगमध्ये सगळ्यात वेगवान आहेत, त्यांच्या मागच्या एक्सलचा रेशो नियमानं ३.२० आहे. त्यांना बदलायचे गिअरच नसतात, सगळा खेळ क्लचचा. त्याच देशात रस्त्यावरच्या गाड्या ड्रॅगला उतरवणारे लोक ३.७३ काढून ४.१० टाकतात, कारण त्यांचं इंजिन, वजन आणि टायर वेगळे. टायरला पकड नसेल तर वाढवलेला ओढा नुसता धूर काढतो. रेशो गाडीच्या मापाचा असतो, सगळ्यांना एकच माप बसत नाही.

जीप-जिप्सीवाल्यांनीही सावध राहावं, कारण मागच्या एक्सलमधला क्राउन-पिनियन (मोठ्या-लहान दातेरी चाकांची जोडी) बदलल्याचं सांगून हाच प्रकार तिथं आणखी सोपा आहे. ही जोडी ज्यात असते तो डिफरन्शियल बंद डबा असतो, आत कोण बघतंय? तपासायला मात्र खडू पुरतो. गाडी न्यूट्रलमध्ये, पुढच्या चाकांना ओंडके, मागचं एकच चाक जॅकवर वर, दुसरं जमिनीवर. प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलकडं जाणाऱ्या दांड्यावर) आणि टायरवर खडूनं खूण करा. वर उचललेलं चाक हातानं बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्ट किती फिरला ते मोजा. तोच रेशो. चाराच्या जरा वर फिरला तर ४.१० च्या आसपास, पाच आणि वर तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त फिरला तर ५.३८, जो जुन्या सीजे थ्री-बी जीपमध्ये असायचा. दोन्ही चाकं वर उचलून हे करू नका, दुसरं चाक उलटं फिरून हिशोब बिघडवतं. हँडब्रेक सोडलेला हवा, आणि गाडीखाली जाणार असाल तर जॅकवर विसंबू नका. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर पुढच्या एक्सलचीही हीच तपासणी करा. दोन्हीचे पैसे घेऊन नुसता मागचा बदलून दिला, तर डांबरावर फोर व्हील टाकताच दोन एक्सल एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केस (दोन्ही एक्सलना ताकद वाटून देणारा डबा) जाते.

पैशांचं सांगतो. २०,००० यूपीआयनं गेले, तेही गॅरेजच्या खात्यात नाही, कुठल्या तरी बाईंच्या नावावर. बाकी रोख. बिल मागितलं तर ‘बिल घेतलं की जीएसटी लागतो, कशाला उगाच’ हे ठरलेलं उत्तर. सुदैवानं सगळा सौदा व्हॉट्सॲपवर लिहून झाला होता, त्यात ‘गिअर सेट बसला, ट्रायल ओके’ असा त्याचाच मेसेज आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली, लेखी नोटीस पाठवली. जिल्हा ग्राहक आयोगाकडं दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. नोटीस मिळाल्यावर दहा हजार परत आले, बाकीच्यासाठी कागद तयार करतोय. तुम्ही काम देताना एवढं तरी करा : कामाच्या आधी आणि नंतर आरपीएमचा काटा दिसेल असा व्हिडिओ काढा, इंजिनाच्या बोल्टांवर नेलपॉलिशचा ठिपका लावा, आणि वेग मीटरवर न बघता मोबाइलच्या जीपीएसवर बघा.

गाडीला आता मागं ४४ दात्यांचं स्प्रॉकेट आहे, रेशो ३.१४. हे दुसऱ्या मिस्त्रीनं माझी जुनी चिठ्ठी बघून, वहीवर आकडेमोड करून ठरवलं. त्यानं स्प्रॉकेटचे आणि मजुरीचे मिळून जे पैसे घेतले ते बिलावर आहेत.

त्या गॅरेजचे व्हिडिओ अजून ग्रुपवर फिरतात. मीटरवर १४० चढतोय, मागं कुणीतरी “लै भारी बे” म्हणून ओरडतंय. नव्या व्हिडिओंत एवढाच बदल झालाय की मीटरचा डावा भाग, जिथं आरपीएम दिसतो, तो कापून टाकलेला असतो.