उसाच्या चिपाडाचे पार्सल डबे: भाजी-भाताला उत्तम, तर्रीला जपून

साखर कारखान्यातल्या बगॅसच्या, म्हणजे रस काढून उरलेल्या उसाच्या चिपाडाच्या, लगद्यापासून दाबून केलेला ७५० मिलीचा डबा भाजी-भात, पुलाव, थालीपीठ यांना खरोखर चांगला. थर्माकोलपेक्षा कडक, मायक्रोवेव्हमध्येही चालतो. खरी परीक्षा मिसळीची. उकळती तर्री भरून तासभर ठेवली की तळ मऊ पडतो, कडेला तेलाचे डाग उमटतात. रस्सा जरा निववून भरा आणि डबा अर्धाच भरा. भजी, वडे असतील तर झाकणाला वाफेसाठी भोक हवंच, नाहीतर आतच घामेजतात.

पारदर्शक झाकण पीएलएचं (मका-उसासारख्या पिकांपासून केलेल्या प्लास्टिकचं) असेल तर ते ६० अंशांच्या आसपास वाकतं. गरम पदार्थाला झाकणही बगॅसचंच घ्या.

घाऊक घेण्याआधी एक डबा ओला करून फाडून बघा. पातळ पापुद्रा सुटून आला, तर आत प्लास्टिकचं अस्तर आहे. असा डबा खतात कुजत नाही. तेल झिरपू नये म्हणून काही उत्पादक पीफास ही वर्षानुवर्षं न विघटणारी रसायनं वापरतात, म्हणून पीफासमुक्त असल्याचा चाचणी अहवाल मागाच.

वापरलेला डबा रद्दीत टाकू नका, तेलकट लगदा कागद गिरणीला चालत नाही. तुकडे करून ओल्या कचऱ्यात, सुक्या पाल्यासोबत.