चांदीचं सोनं करणारी सावकाराची लेक

नेओमी नोविक यांची ‘स्पिनिंग सिल्व्हर’ (२०१८) जरूर वाचा. ग्रिम बंधूंच्या ‘रम्पेलस्टिल्टस्किन’ या परीकथेत एक बुटका पेंढा कातून सोनं करतो. इथे सावकाराची मुलगी मिर्येम चोख व्यवहारातून चांदीचं सोनं करते. बर्फाळ जादुई राज्याचा हिमराजा सोन्यात बदलून द्यायला तिला आधी चांदीची ६ नाणी देतो, मग ६०, मग ६००. त्यांची सोनाराकडून अंगठी, हार, मुकुट घडवून ती ड्यूकला विकते. हा हिशेब फार देखणा जमलाय! निवेदक मात्र सहा, तेही नाव न सांगता बदलतात. लोकलमध्ये दोन स्टेशनांपुरतं वाचलं की धागा सुटतो. प्रकरण संपवूनच पुस्तक मिटा. मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर पुस्तक घेताना आतली छपाई बघा: फिकट शाई, तिरका समास म्हणजे नकली प्रत.