पाठीवरचा पंप की ड्रोन?

पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, छातीला लागली की आमच्या यवतमाळकडे फवारणीसाठी हा प्रश्न निघतोच.

बॅटरीचा पंप १६ लिटरचा. भरला की पाठीवर वीसेक किलो. माणूस नोझल पुढे धरून चालतो, म्हणजे स्वतःच्याच फवाऱ्यात शिरतो. शर्ट ओला, पट्ट्याखालची कातडी ओली. २०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० हून जास्त जीव गेले, त्यात पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली होती. प्रोफेनोफॉससारखं ऑरगॅनोफॉस्फरस गटातलं किडीचं औषध श्वासातूनच नाही, कातडीतूनही आत जातं. नसांचा संदेश थांबवणारं एन्झाइम ते बंद पाडतं. मग लाळ, घाम, डोळ्यांच्या बारीक झालेल्या बाहुल्या, कोंडणारा श्वास. उतारा ॲट्रोपिन, पण दवाखाना गाठेपर्यंतचा वेळ कोण देणार?

ड्रोनवाला बांधावर उभा राहतो. साधारण १० लिटरात एकर दहाएक मिनिटांत आटोपतो. पंपाला त्याच एकराला दहा-बारा भरण्या लागतात. चिखलातही काम अडत नाही.

पण औषध कालवायचं हातानंच, आणि पाणी कमी म्हणून द्रावण जास्त जहाल. हातमोजे तिथेच हवेत, नेमके तिथेच कोणी घालत नाही! वारा सुटला तर फवारा शेजारच्या वावरात. दाट पऱ्हाटीत खालच्या पानांमागची पांढरी माशीही बरेचदा वाचते. तिथे पंपाचं नोझल खालून वर धरता येतं.

माझं मत? उंच पिकाला ड्रोन. गुडघ्याएवढ्या पिकाला पंप चालेल, पण वाऱ्याकडे पाठ करूनच.