पियानो ब्लॅकवर मॅट फिल्म: एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यानंतर

पियानो ब्लॅक, म्हणजे गाडीच्या आतलं चकचकीत काळं प्लास्टिक, शोरूमच्या दिव्याखालीच बरं दिसतं. रोजच्या वापरात त्यावर बोटांचे ठसे उमटतात, धूळ बसते आणि ती पुसता पुसता केसाएवढे बारीक ओरखडे पडत जातात. त्यावर उपाय म्हणून हॅचबॅकच्या आतल्या ट्रिमवर गडद करडी मॅट व्हिनाइल फिल्म घरीच चढवली. चारही दारांची पॉवर विंडो पॅनल, गिअरभोवतीचा कन्सोल, डॅशबोर्डवरची आडवी पट्टी, एसी व्हेंटच्या रिंगा आणि दार ओढायची मूठ, एवढे भाग. गाडी पुण्यात उघड्यावरच उभी असते.

निकाल आधीच सांगतो. पट्टी, कन्सोल आणि विंडो पॅनल आजही चढवल्या दिवशी होती तशी आहेत. व्हेंटच्या रिंगांची फिल्म खालच्या कडेला सुटली. मुठीवरची तर काढूनच टाकावी लागली. रोल एकच, हात तेच. फरक पडला तो खालच्या प्लास्टिकमुळे आणि आकारामुळे.

प्लास्टिक ओळखणं अवघड नाही. भाग काढून उलटा केला की मागे मटेरियल कोरलेलं असतं. एबीएस किंवा पीसी-एबीएस लिहिलं असेल तर फिल्म छान धरते. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलिन असेल, पुढे टीडी२० वगैरे (म्हणजे २० टक्के टाल्क), तर सावध व्हा. पॉलिप्रॉपिलिनला गोंद मुळातच नीट धरत नाही. त्यात वर चामड्यासारखा दाणेदार पोत असेल तर फिल्म फक्त दाण्यांच्या टोकांवर टेकते. मूठ अशीच होती, पीपी आणि दाणेदार. वर रोज घामाचा हात आणि नखं. ती टिकली असती तरच नवल.

फिल्म कास्ट प्रकारचीच घ्या. द्रवरूप पीव्हीसी ओतून बनवलेली असल्यामुळे तिच्यात ताण नसतो, ती आकसत नाही. कॅलेंडर फिल्म रोलरमधून दाबून, ओढून काढलेली असते, आणि ऊन लागलं की मूळ मापाकडे परतू पाहते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा आपल्या नाना पेठेत ‘फाइव्ह डी कार्बन’ म्हणून मिळणारे चकचकीत रोल बहुतेक याच जातीचे, शिवाय जाड. थ्रीएम २०८० किंवा एव्हरी डेनिसन एसडब्ल्यू९०० या कास्ट मालिका आहेत. गोंदासकट जाडी साधारण ९० मायक्रॉन आणि गोंदात हवा निघायला बारीक नाल्या, त्यामुळे बुडबुडे अंगठ्यानेही निघतात. रुंदी १.५२ मीटर असते, म्हणून वरच्या सगळ्या भागांना १ मीटर लांबी पुरते. ब्रश्ड मेटलचा (बारीक रेघा असलेल्या धातूसारखा) पोत घेतलात तर सगळे तुकडे एकाच दिशेने कापावे लागतात, तेव्हा दीड मीटर धरा. आणि चंदेरी रंग दाराच्या वरच्या भागाला नकोच. त्याचं प्रतिबिंब काचेत पडतं आणि बाहेरचा आरसा नेमका त्याच जागी पाहावा लागतो.

भाग काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडून काही मिनिटं थांबायचं. मधल्या पॅनलमध्ये एअरबॅगचा दिवा असेल तर इग्निशन चालू ठेवून त्याचा कनेक्टर काढू नका, एसआरएसची (एअरबॅग यंत्रणेची) वॉर्निंग अडकून बसते. एअरबॅगचं झाकण, स्टिअरिंगचा मधला भाग, ए-पिलर (पुढच्या काचेच्या बाजूचे खांब) यांच्यावर फिल्म लावायचीच नाही. एअरबॅग उघडताना फाटायची जागा मोकळी राहिलीच पाहिजे. पॅनल नायलॉनच्या पट्टीनेच उचकटा, स्क्रूड्रायव्हरने कडेला कायमचा दात पडतो. थंडीच्या सकाळी क्लिपचे कान कडक झालेले असतात, गाडी थोडी उन्हात ठेवून मग हात घाला. चार-सहा जास्तीच्या क्लिप आधीच आणून ठेवा, एखादी तरी डॅशबोर्डच्या पोटात पडतेच.

सगळ्यात जास्त वेळ सफाईला द्या. ट्रिमवर वर्षानुवर्षं डॅशबोर्ड पॉलिश मारलेलं असतं आणि त्यातलं सिलिकॉन एका पुसण्यात जात नाही. आधी भांड्यांच्या साबणाचं पाणी, मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, दर वेळी कापडाची नवी घडी. दुमडून मागे जाणारी कडही तितकीच स्वच्छ हवी, कारण फिल्म सुटायला सुरुवात तिथूनच होते. खोलीची फरशी ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि पंखा बंद करा. मॅट फिल्मखाली एक कण राहिला तरी फोडासारखा दिसतो.

विंडो पॅनलमध्ये खरं काम खिडकीच्या बटणांच्या चौकोनात आहे. आधी मागचे स्क्रू काढून स्विच वेगळा करा. फिल्म सपाट बसवल्यावर चौकोनाच्या आत ५-६ मिमी पट्टी ठेवून बाकी कापा. कोपऱ्यात तिरका काप द्या, पण कोपऱ्याच्या २ मिमी आधी थांबा. काप टोकापर्यंत गेला तर दुमडताना तिथे काळं प्लास्टिक उघडं पडतं आणि मग काहीच करता येत नाही. कटरचं ३० अंशाचं पातं दर पॅनलला नवं घ्या. जाड फिल्म इथेच नडते. दोन्ही बाजूंनी जाडी वाढली की बटण घासतं आणि दाबल्यावर परत वर येत नाही.

फिल्म बसवताना हेअर ड्रायर पुरतो. शेवटचा शेक मात्र हीटगनचाच. ताणलेल्या जागी ९५ अंशांच्या आसपास तापमान गेलं की फिल्म नवा आकार धरते, नाहीतर पहिल्या उन्हाळ्यात मागे सरकते. अडचण अशी की एबीएसही १०० अंशांच्या जवळपास मऊ पडू लागतं. म्हणून गन सतत हलती ठेवायची, इन्फ्रारेड थर्मामीटरने बघत राहायचं आणि पातळ पट्टी हातात अधांतरी न धरता लाकडी फळीवर ठेवायची. एकदा वाकली की ती डॅशबोर्डमध्ये पुन्हा सरळ बसत नाही.

कड मागे किमान ८-१० मिमी वळवा. खोलगट जागी पकड वाढवणाऱ्या थ्रीएम प्रायमर ९४ चा अगदी पातळ हात द्या, सगळीकडे नको, पुढे फिल्म काढताना तो रडवतो. कप होल्डरसारखा खोल खड्डा एका तुकड्यात ओढू नका. दोन तुकडे करून ५ मिमी एकमेकांवर चढवा. रिंगा नेमक्या यातच फसल्या. इतक्या लहान गोलाईवर फिल्म फार ताणली जाते आणि मागे वळवायला जागाच नसते. त्यांना रंग देणं बरं.

भाग बसवायला एक दिवस थांबा, गोंदाची पकड तोवर वाढत असते. नंतर खड्ड्यांच्या रस्त्यावर चरचर आवाज येऊ लागला तर क्लिपला दोष देण्याआधी दोन पॅनल जिथे टेकतात ती जागा बघा. फिल्म प्लास्टिकवर घासली की असा आवाज येतो. तिथे वायरिंगला गुंडाळतात ती कापडी टेप लावली की आवाज जातो.

रोजच्या पुसण्याला ओलं मायक्रोफायबर पुरे. मॅट फिल्मवर पॉलिश मारलं की डाग पडल्यासारखी चमक येते. काढायची वेळ आली तर कोमट करून, कमी कोनात, सावकाश ओढा. उरलेला गोंद आयसोप्रोपिलने पुसला तर निघतो. थिनर लावाल तर गोंदाबरोबर एबीएसचा पृष्ठभागही विरघळून निघेल.