ऑटो-अप्लाय सर्व्हिस तीन महिने वापरली, ५ पैकी दीड स्टार

नाव घेत नाही, नोकरीचे अर्ज आपल्या वतीने आपोआप भरणाऱ्या बऱ्याचशा सर्व्हिस साधारण अशाच चालतात. रेझ्युमे टाकायचा, प्रॉडक्ट डिझायनर, यूएक्स डिझायनर (म्हणजे अ‍ॅप, वेबसाइट कशी दिसेल, कशी चालेल ते ठरवणारे) असे दोनचार टायटल द्यायचे आणि झोपायचं. सकाळी उठून बघावं तर डॅशबोर्डवर हिरव्या टिकांची रांग. पहिला आठवडा तर मला भारीच वाटलं, कारण नोकरी गेल्यापासून रोज रेझ्युमे अपलोड करा आणि मग त्यातलीच सगळी माहिती परत हाताने टाईप करा हे करून डोकं आउट झालं होतं, आपल्या वतीने दुसरं कोणीतरी ते भरतंय यातच सुख होतं.

मग एकदा ती यादी नीट उघडून वाचली. पाइपिंग डिझायनर, चिप डिझाइन इंजिनिअर, एका ठिकाणी चक्क फॅशन डिझायनर. 'डिझा' दिसलं की ठोक अर्ज! आणि जिथे जागा खरंच माझ्या कामाची होती तिथे फॉर्ममध्ये विचारलं होतं की युजर टेस्टिंगनंतर तुम्ही बदललेला एक निर्णय सांगा, तर त्याचं उत्तर एआयने लिहिलेलं, गुळगुळीत, कोणाच्याही नावावर खपेल असं, आणि शेवटच्या ओळीत आदल्या अर्जातल्या कंपनीचं नाव. ते वाचून मी लॅपटॉप बंद करून जरा वेळ गप्पच बसले.

अजून एक. माझ्या पोर्टफोलिओतल्या, म्हणजे काम दाखवायच्या वेबसाइटवरच्या, दोन केस स्टडी एनडीएमुळे (कंपनीसोबतचा गोपनीयतेचा करार) पासवर्डमागे आहेत आणि या सर्व्हिसमध्ये पासवर्ड टाकायला जागाच नाही. म्हणजे कोणी चुकून लिंक उघडलीच तर समोर कुलूप. उघडतं तरी कोण म्हणा, तीन महिन्यांत १८६ अर्ज गेले आणि पोर्टफोलिओचे अ‍ॅनालिटिक्स बघितले तर ११ व्हिजिट, त्यातल्या ३ माझ्याच, मोबाईलवर नीट दिसतंय का बघायला केलेल्या. डिझाइनमध्ये काम बघितल्याशिवाय कोणी घेत नाही, आणि मी मात्र किती अर्ज गेले तेच मोजत बसले होते.

दीड स्टार कशाबद्दल? एक, नवीन जागा पडली की अलर्ट लगेच येतो, आणि नुसता अलर्ट घेऊन फॉर्म स्वतः भरला तर उपयोग आहे. उरलेला अर्धा प्रिव्ह्यूला. कंपन्यांच्या सिस्टिमला तुमचा रेझ्युमे कसा वाचता येतो ते त्यात दिसतं, आणि माझा दिसला कोरा, कारण इलस्ट्रेटर या सॉफ्टवेअरमध्ये फॉन्ट बिघडू नये म्हणून मी टेक्स्टचे आउटलाइन्स केले होते, म्हणजे पीडीएफमध्ये अक्षरं उरलीच नाहीत, नुसते आकार. ही चूक शंभर टक्के माझी. तुमच्या पीडीएफमधला मजकूर सिलेक्ट करून कॉपी होतोय का एकदा बघा, दहा सेकंदाचं काम आहे.

नंतर ही पद्धत सोडून फक्त १५ जण निवडले. एचआर नाही, ज्या टीममध्ये मला काम करायचंय तिथले डिझायनर. ओळख शून्य किंवा नावापुरती. 'काही ओपनिंग असेल तर कळवा' हे कोणालाच लिहिलं नाही. एका मॅडमना त्यांच्या अ‍ॅपच्या ओटीपी स्क्रीनचं चाळीस सेकंदाचं रेकॉर्डिंग पाठवलं, की मेसेज बघायला बाहेर गेलं की स्क्रीन रीलोड होतो आणि नंबर परत टाकावा लागतो, मी असं करून बघितलं असतं, सोबत एक फ्रेम, म्हणजे त्या स्क्रीनचं मी केलेलं डिझाइन. अकरा दिवसांनी रिप्लाय आला: 'हे आम्हाला माहितीये, डेव्हलपमेंटमध्ये अडकलंय, पण तुमची फ्रेम आवडली.' त्यांच्याकडे जागा नव्हती. पण त्यांनी जुन्या ऑफिसातल्या एकाला माझं नाव सांगितलं आणि तिथे आता सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट मिळालंय.

यात नवीन काहीच नाही खरं तर. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ च्या पेपरमध्ये ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारलं होतं की ज्याच्याकडून कळलं तो माणूस तेव्हा किती वेळा भेटायचा, तर वरचेवर भेटणारे फक्त १६.७ टक्के, बाकी सगळे अधूनमधून किंवा क्वचित. जवळच्या मैत्रिणींना जे माहिती असतं ते आपल्यालाही आधीच माहिती असतं ना.

हे सोपं आहे असं मात्र म्हणणार नाही. एकेका मेसेजला दोनअडीच तास जातात, १५ पैकी ९ जणांनी काहीच उत्तर दिलं नाही, एकाला वाटलं मी कोर्स विकतेय. आणि फ्रेशर असाल, कंपनी एकदम बॅच घेत असेल, तर तिथे फॉर्मच भरा, डिझायनरला गाठून फार काही होत नाही.

सबस्क्रिप्शन बंद करताना कॅन्सलचं बटण चार स्क्रीन आत सापडलं, फिकट राखाडी, आणि त्याच्या शेजारी मोठं हिरवं 'थांबा, सूट घ्या'. हा फ्लो ज्याने केलाय त्यालाही एक रेकॉर्डिंग पाठवणार आहे.