भायखळा स्टेशन: घाई नसेल तेव्हा मुद्दाम उतरा

सेंट्रलच्या लोकांना भायखळा म्हणजे दादर आणि सीएसएमटीच्या मधला फास्टचा हॉल्ट, त्यापलीकडे कोणी फार विचार करत नाही. पण माझं म्हणणं, मुंबईत लोकलचं एकच स्टेशन नीट बघायचं असेल ना तर हे बघा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली त्या लाईनवरचं हे स्टेशन, आधी साधं लाकडी होतं मग दगडी झालं, आणि आजही चालू आहे, म्युझियम करून कुलूप नाही लावलं!!

मधल्या काळात रंगावर रंग, लोंबणाऱ्या वायरी, कुठेही ठोकलेले बोर्ड, यात मूळ बिल्डिंग दिसायचीच बंद झाली होती. मग 'आय लव्ह मुंबई' संस्था आणि आर्किटेक्ट आभा नारायण लांबा यांच्या टीमने ती पुन्हा मूळ रूपात आणली आणि २०२२ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धनाचा पुरस्कार मिळाला. मला सगळ्यात भारी काय वाटलं तर हे काम गाड्या चालू ठेवून झालं, म्हणजे खाली तीच गर्दी, तेच तिकीट, तीच अनाउन्समेंट, आणि वर कारागीर एकेक थर काढतायत. लोखंडी खांब, जाळ्या, छत सगळं निवांत बघा, अशी नक्षी आता कोण करतं सांगा.

अपेक्षा मात्र बरोबर ठेवा. सुंदर आहे ती जुनी इमारत, बाकी पूल आणि जिने इतर स्टेशनांसारखेच. सकाळ-संध्याकाळ पीकला गेलात तर माणसांच्या डोक्यांशिवाय काही दिसणार नाही, दुपारी किंवा रविवारी जा. आणि कृपा करून कोपऱ्यात थुंकू नका रे, दगडावरचा पानाचा डाग काढणं किती कठीण असतं.

मुलं बरोबर असतील तर ईस्टला बाहेर पडून चालत राणीबाग, पेंग्विन आहेतच, पण आवारातलं भाऊ दाजी लाड म्युझियम चुकवू नका, त्यालाही २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळालाय, म्हणजे चालत जाण्याच्या अंतरात असे दोन! फक्त बुधवार सोडून जा, बाग आणि म्युझियम दोन्ही त्या दिवशी बंद असतात.